मधुकर आला म्हणजे सगळे आले

मधुकर एका कारखान्यात टाइमकीपर होता. गेटवर कोण आलं, कोण राहिलं, हे बघण्यात त्याची चौदा वर्षं गेली होती. म्हणूनच पद्मनाभांनी आपल्या रविवारच्या सायकल मंडळात त्याला शेवटची जागा दिली. गळ्यात शिट्टी, कॅरिअरला मंडळाचा एकुलता एक पंप आणि पंक्चरचं सामान. कोणी रखडलं तर त्याच्या मागं थांबायचं, पुढं जायचं नाही. मुक्कामी पोचल्यावर माणसं मोजायची मंडळात पद्धतच नव्हती. मधुकर आला म्हणजे सगळे आले.

शहाण्णवच्या जानेवारीत ते नऊ जण संगमला निघाले. कनकपुऱ्यापर्यंत सायकली बसच्या टपावर, तिथून पुढं अर्कावती जिथं कावेरीला मिळते तिथवर पायडल मारत. वाटेत चहाला थांबले तेव्हा सुशांत म्हणाला, "मधुकरअण्णा, तुम्हाला कधी पुढे बघितलंच नाही हो. ब्रेक धरूनच चालवता का?" हा पुण्याहून कंप्युटर कंपनीत आलेला, गिअरच्या सायकलवाला. त्याची बायको शाल्मली हसली. मधुकरही हसला, पण ते त्याला लागलं.

मागं राहायचं ते रघुजींमुळं. साठीचे, चामराजपेटेतले शिंपी. सायकल जुनी, जड, आणि पाणी दिसलं की हे उतरून बघत उभे. जंगल लागलं, उतार सुरू झाला, खाली लांब नदी चकाकली. तेवढ्यात रघुजींचं चाक बसलं.

"मधू, स्वल्प थांब रे. हवा गेली की."

मधुकरनं ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि ब्रेकवरची बोटं सोडली. वारा कानांत शिरला. शेवटच्या वळणावर त्यानं सुशांतला गाठलं.

"अरे वा, अण्णा!"

काठावर सायकली लागल्यावर पद्मनाभांनी त्याच्या गळ्यातली शिट्टी पाहिली आणि चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या पिवळ्या भाताचा, डबा उघडला. "सरी, ठीक, आले सगळे. बसा."

तेव्हा बोलता आलं असतं. येतीलच आता, असं मनाशी म्हणत त्यानं पत्रावळ पुढं ओढली. काठावरचा एक नावाडी सांगत होता, पहाटे हत्ती ह्याच रस्त्यानं गेले. मधुकर वळणाकडं बघत जेवत राहिला.

"रघुजी कुठायत?" शेवटी शाल्मलीनं विचारलं.

मधुकर उठला. पण तोवर रघुजी वळणावर दिसले होते. सायकल ढकलत येत होते, गुडघ्यावर पँट फाटलेली, खाली रक्त.

"मधुकर!" पद्मनाभ ओरडले. "ह्यांना जंगलात सोडून आलास? पंप तुझ्याजवळ ना?"

रघुजींनी सायकल झाडाला टेकवली. "मीच म्हटलं त्याला, तू हो पुढं. मग तशीच चालवून बघितली, घसरलो. त्याला कशाला बोलता?"

मधुकरनं खाली बसून चाक खोललं. खरं सांगायला त्यानं दोनदा तोंड वर केलं. दोन्ही वेळा रघुजी नदीकडं बघत होते. त्यानं पंक्चर काढलं, हवा भरली. रघुजींनी टायर दाबून पाहिला. "सरी," एवढंच म्हणाले.

सकाळी रघुजींनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. परतीच्या चढावर मात्र ते दर वळणाला मान वळवत होते. मधुकर मागंच होता. मी आहे, हे कळावं म्हणून तो घंटी वाजवायचा. तरी पुढच्या वळणावर रघुजी पुन्हा मागं बघायचे.