दोर मेहुण्याच्या हाती

लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि चाकूरकडच्या विहिरी तळाला गेल्या. पाणी उतरलं की मोटारीच्या पाइपाचं तोंड गाळात रुतायचं. ते मोकळं करायला बुडी मारणारा लागे. धोंडाबाईच्या नवऱ्यानं, शेषेरावानं, त्या उन्हाळ्यात हे काम धरलं. झाल्या त्या दोन-तीन विहिरी, त्याही उथळ.

मग गावच्या पिण्याच्या विहिरीचं बोलावणं आलं. आत अजून दोन पुरुष खोल पाणी होतं. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर बांधत. वर तो कुणी धरायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. रीत अशी, की बायकोच्या भावानं धरावा. बहिणीचं कुंकू त्याच्या मुठीत; मूठ सुटणार नाही.

शेषेरावाचं मन मात्र उदगीरच्या गुरुबसप्पावर होतं. त्याचा जन्म याच कामात गेलेला.

"आप्पा, दोर तुमीच धरा," विहिरीवर आलेल्या गुरुबसप्पाला तो म्हणाला.

"भुजंग असताना परक्याच्या हाती कशाला?" धोंडाबाई म्हणाली. भुजंग तिचा धाकटा भाऊ.

"कधी दोर धरलास का रे?" गुरुबसप्पानं विचारलं.

"बैलं धरलीत की लई."

"बैल ओढायचा असतोय. हितं हिसका बसला की आधी हातभर ढील द्यायची. खाली अडकलेला सुटतो, मग ओढायचं."

"हाव, समजलं."

शेषेरावानं बायकोकडं पाहिलं. ती हटेना. "मेहुण्याला डावललं तर आज भाकर मिळायची न्हाई," असं हसून तो म्हणाला आणि दोर भुजंगकडं टाकला.

दोन बुड्या नीट झाल्या. तिसऱ्या बुडीला हिसका बसला. भुजंगनं पाय रोवून ओढलं.

"सोड! हातभर सोड!" गुरुबसप्पा ओरडला.

खाली दाजी होता. भुजंगची मूठ सुटेना. पाइप आणि दगडाच्या सापटीत सापडलेला पाय ओढला तसा आणखी घट्ट बसला. शेवटी गुरुबसप्पानं दोर हिसकावून घेतला, ढील दिली, आणि शेषेराव वर आला. तोवर सगळं संपलं होतं.

पंचनाम्याला जमादार आला. "दोर कुणाकडं होता?"

गुरुबसप्पा दोराचं वेटोळं गुंडाळत राहिला.

"कुणाकडंच न्हाई, साहेब," धोंडाबाई म्हणाली. "झाडाला बांधला होता."

तेरावं झालं आणि भुजंग नांदेडला निघून गेला. तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलू लागला. दिवाळीला आला नाही, म्हणून भाऊबीजेला धोंडाबाईच गेली. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिला, बस म्हणाला नाही.

"अक्का, जमादारापुढं माझं नाव का घेतलं न्हाईस? घेतलं असतंस तर बरं झालं असतं."

"मग माझं नाव कुणी घ्यायचं होतं?"

 मुकादमानं हाक मारली, तसा तो पोतं पाठीवर घेऊन चालू लागला. धोंडाबाई एस.टी. स्टँडकडं निघाली. ओवाळायचं ताट तिनं पिशवीतून काढलंच नव्हतं.