कांबळे सरांचा ‘सेफ पॉइंटर’

कांबळे सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती शाहूपुरीतल्या आमच्या कार्यालयात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मी कुरुंदवाडहून एसटीने आलेली, पहिलीच नोकरी, आणि पहिल्याच दिवशी सरांनी स्वतः लिहिलेली प्रोग्रॅमची लायब्ररी हाती पडलेली. काय हरखून गेले होते मी!

त्या लायब्ररीत दोन स्मार्ट पॉइंटर होते. संगणकाच्या मेमरीतली माहिती सांभाळायची आणि काम संपलं की जागा मोकळी करायची, हे त्यांचं काम. एकाचं नाव सरांनी ठेवलं होतं ‘सेफ’, दुसऱ्याचं ‘स्मार्ट’. आम्ही साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. सेफ म्हणजे निर्धोक, असं समजून मी उसाच्या गाडीची नोंद बिनधास्त त्याच्या हवाली केली. प्रत्यक्षात तो एकाच मालकाचा होता. नोंद पावती छापणाऱ्या भागाकडे गेली की मालकीही तिकडेच जायची, आणि पावती निघताच नोंद पुसली जायची. पुढे तीच नोंद शोधायला गेला की प्रोग्रॅम कोलमडायचा.

ऐन हंगामात एका कारखान्याचा वजनकाटा बंद पडला. गाड्यांची ही भलीमोठी रांग! “ओ पावणं, काटा कवा चालू हुयाचा?” एक गाडीवान ओरडला. आता नोकरी जाणार, हे मी धरूनच चालले होते. मला रडूच आलं.

सर स्कूटरवरून आले, शेजारी स्टूल ओढून त्यांनी सगळा कोड वाचला आणि म्हणाले, “रडतीस कशाला? तू नाव वाचून बरोबरच वागलीस. नाव मी दिलंय की!”

त्याच आठवड्यात ‘सेफ’ आणि ‘स्मार्ट’ जाऊन ‘सोल ओनर’, म्हणजे एकटा मालक, आणि ‘शेअर्ड ओनर’ ही नावं आली. दुसरा म्हणजे भावाभावांची सामायिक विहीर, शेवटचा हिस्सेदार पाणी घेतोय तोवर बुजवायची नाही, असं सर समजावत. शिवाय एक रिवाज सुरू झाला. नव्या माणसाला कोड न दाखवता फळ्यावर फक्त नावं दाखवायची. “ह्यो काय करत असंल, सांगा बघू.” उत्तर चुकलं, तर नाव खोडायचं. सरांची कितीतरी लाडकी नावं अशी गेली, आणि सर खो-खो हसत. मी ठेवलेलं पहिलं नाव खोडलं गेलं तेव्हा मी मात्र दोन दिवस फुगून बसले होते.

या लेखासाठी परवा जुनी फाइल उघडली. दुरुस्तीपुढे चूक करणाऱ्याचं नाव लिहायची आमची पद्धत होती. काट्याच्या त्या ओळीपुढे माझं नाव असणार, म्हणून धास्तावूनच पाहिलं. तिथे सरांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

सर, साठी झाली म्हणून सुटका नाही! प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि आम्हाला तुमचा सहवास खूप खूप वर्षं लाभो. सोमवारी एक नवी मुलगी रुजू होते आहे. फळ्यावर सगळी नावं मी ठेवलेली आहेत. खोडायला तुम्हीच या.