सवतीच्या चित्रात रंग

मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या घरात नांदून बघावं.

लग्न होऊन मी तेरला आले तेव्हा यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. सासूबाईंनी मांडवातच माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला. आमच्याकडं दुसरेपणाच्या बायकोला तो घालावाच लागतो. नखाएवढी चांदी, तिच्यावर बाईचा आकार ठोकलेला. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. म्हणजे माझी एकही साडी आधी माझी झाली नाही. काळ्या दोऱ्यातला तो टाक मंगळसूत्राला घासायचा आणि मला वाटायचं, घ्या, ही बया इथंही शेजारी येऊन बसलीच.

मुलगी मात्र मी वाढवली. तिचं दुखणंखुपणं, डोक्यातल्या उवा, शाळेचा डबा, सगळं मीच केलं. ती मला आई म्हणते. तेवढ्यावर माझं भागत होतं.

या दिवाळीला नळदुर्गहून तिची मावशी आली, माझ्या सवतीची धाकटी बहीण. मला तोंडभरून अक्का म्हणते. नावं ठेवायला जागाच देत नाही, त्याचाच मला राग येतो. तिनं घरचे जुने फोटो मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपमध्ये घातले. रंग गेले, नुसत्या रेघा उरल्या. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांचे कागद काढून आणले, मुलीला रंगवायला. सोबत खडूंची पेटी.

“अक्का, तिला तिची आई कळाय पायजे का न्हाय? रंगवता रंगवता कळंल.”

“व्हय की,” मी म्हणाले आणि तव्यावरची भाकरी करपू दिली.

कागदांत मोटारसायकलवर बसलेले आमचे हे होते, बैलाजवळ उभे सासरे होते. बाकी सगळीकडं ती. लग्नातली ती, डोहाळजेवणातली ती, लेकीला मांडीवर घेतलेली ती. माझा एकही नाही. असणार कसा? मुलीचे सगळे फोटो मीच काढते.

एक गोष्ट मात्र बरी झाली, खोटं कशाला बोलू. गल्लीतल्या बायका जिच्या गोरेपणाचं आणि चाफेकळी नाकाचं अजून कौतुक करतात, तिचा चेहरा म्हणजे आता दोन ठिपके आणि एक वाकडी रेघ उरली होती. मी ते कागद जरा जास्तच वेळ बघत बसले.

मुलगी पालथी पडून रंगवायला लागली. सासरे निळे झाले, बैल गुलाबी झाला. मांडीवरचं चित्र तिनं शेवटी ठेवलं होतं, लाडू राखून ठेवावा तसं. ते घेतल्यावर मात्र ती जीभ बाहेर काढून, रेघेबाहेर जाऊ न देता रंगवत राहिली. आमचे हे मागून वाकून बघत म्हणाले, “लई झ्याक. साडी हिरवी होती बघ, मोरपंखी काठाची.”

माझी कालची साडी कुठल्या रंगाची होती, विचारा त्यांना. छताकडं बघतील.

मुलीनं साडी हिरवी केली. दिवा लावायचं निमित्त करून मी उठले आणि जाता जाता चित्रात डोकावले. बाईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. त्याच्याखाली मुलीनं आपल्या मनानं एक काळा दोरा काढला होता. दोऱ्याला नखाएवढा तुकडा, राखाडी खडूनं घोटून घोटून भरलेला.

“ह्ये काय गं?”

“टाक.”

“तिच्या गळ्यात नव्हता तो.”

मुलीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. “आईच्या गळ्यात असतोयच की. त्याच्याबिगर ती आई हाय ते कसं कळंल?”

मावशी हसायला गेली आणि मध्येच थांबली. माझा हात गळ्याकडं गेला.

सवतीच्या गळ्यात सवतीचाच टाक. पण मुलीनं तो माझ्या गळ्यात बघून काढला होता. या घरात पहिल्यांदाच एक गोष्ट आधी माझी होती आणि मग सवतीला मिळाली.