एकदाच विचारलं

पेठच्या बाजूला आमचा पाडा आहे. विजेची मोठी लाईन अजून धड पोचलेली नाही. नाशिकच्या एका संस्थेने टेकाडावर सोलर बसवून दिला, गावची वीज समिती नेमली आणि कारभार तिच्या हातात दिला. घरोघरी मीटर लागले. रिचार्ज संपलं की त्या घराची वीज आपोआप बंद. मीटरला दयामाया नसते, ती माणसांनी ठेवायची, म्हणून गरीब घरांसाठी उजेड निधी काढला. निम्मे पैसे संस्था देणार, निम्मे पाड्याने घालायचे. पाड्याने म्हणजे ज्यांची वीज धंद्याला लागते त्यांनी, जादा दर देऊन. समितीचे अध्यक्ष सहादू दादा. पाड्यावर चक्की एकच, तीही त्यांचीच.

भागीबाईला निधी लागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिचा नवरा सोमा खडी फोडायच्या क्रशरवर राबला आणि छातीत धूळ भरून घरी आला. कोणा दानशूर माणसाने प्राणवायूचं मशीन दिलं. ते चालू असलं की सोमा माणसात, बंद झालं की ओठ निळे. मशीन वीज खायचं बकासुरासारखं. पूर्वी भागीबाई द्राक्षाच्या कामाला पिंपळगावला जायची. आता त्याला सोडून जाता येईना.

बाई देवभोळी. रोज उठून मारुतीची पायरी धुवायची. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने गेली नाही, काही नसलं तर रानातली भाजी घेऊन जाईल.

आमच्यात कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. चहा असो, लुगडं असो. पहिल्या बोलाला हो म्हणणारा हावरट. देणाऱ्याने दुसऱ्यांदा म्हणायचं, तिसऱ्यांदा हात धरून बसवायचं. हे पाड्यावर कोणाला शिकवावं लागत नाही.

संस्थेचा नियम मात्र नाशिकला बसून केलेला. मदत पाहिजे त्याने सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं, म्हणजे वशिला नको. त्यासाठी मारुतीच्या पारावर सभा भरली. संस्थेच्या उज्ज्वलाताई गाडी घेऊन आल्या होत्या.

सहादू दादांनी विचारलं, "भागीबाई, तुला निधीतून मदत पाहिजे का गं?"

भागीबाई उठली. पदर सावरला. "नको दादा. आधी दुसऱ्या कोणाला नड असंल तर बघा."

आणि ती थांबली. आम्ही सगळ्या थांबलो. आता दादा म्हणणार, अगं घे की, नवरा आजारी हाय तुझा.

दादा ताईंकडे वळले. "बघा ताई, नको म्हणते. आमचा पाडा गरीब हाय, पण लाचार नाय. टाळ्या वाजवा!"

टाळ्या वाजल्या. शेजारची लंकाबाई ओरडली, "अवो दादा, परत एकदा इचारा की तिला!"

"लंके, तुला पाहिजे तर तुझ्यासाठी माग. लोकांची वकिली कशाला?"

माणसं हसली. उज्ज्वलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती स्वाभिमान आहे हो तुमच्यात," म्हणत त्यांनी भागीबाईला जवळ घेऊन फोटो काढला. दादांनी तिच्या हातात नारळ दिला.

"आता मीच मागू का गं?" भागीबाईने लंकाबाईला हळूच विचारलं.

"माग की, बाई! थांबलीस कशाला?"

तिने तोंड उघडलं तेवढ्यात दादांनी आरती सुरू केली. आरतीत कोण बोलणार? हनुमंताला सगळं दिसलं, असं मी अजूनही मानते.

दुसऱ्या दिवशी ती चक्कीवर गेली. "दादा, काल मी नको म्हटलं ती आपली बोलायची रीत. तुमाला तर ठावं हाय."

"रीत मला शिकवती? मारुतीसमोर बोललीस तू. शब्द फिरवायचा असंल तर खुशाल फिरव. मी ताईंना सांगतो, बाई देवासमोर खोटं बोलली."

देवाचं नाव काढलं की तिचं सगळं संपायचं.

"आन् आता पैसेबी नाय राहिले. आपल्याला गरज नाय म्हणून ताईंनी दुसऱ्या गावाला लावले." दादांनी हातावरचं पीठ झटकलं. "पीठ देऊ का वाईच?"

"नको," भागीबाई म्हणाली. सवयच ती.

दादांनी पुन्हा विचारलं नाही.

मग तिने शेळी विकली. मशीन थोडं चालवायची, थोडं बंद ठेवायची. एकदा लंकाबाईने रिचार्ज टाकून दिलं, पण तिचंही पोट हातावरच, आणि तिच्या लहान मीटरवर मशीन चालायचं नाही.

एके दिवशी दुपारी मशीनची घरघर थांबली. लंकाबाई दवाखान्यासाठी जीप बघायला सडकेकडे पळाली.

सोमाने डोळे उघडले. "बंद केलंस का?"

"नाय वो. लाईट गेली. साऱ्या पाड्याची गेली."

लंकाबाईच्या घरात टीव्हीवर मालिका चालली होती. कुडातून आवाज सरळ येत होता, कोणी सून सासूला जाब विचारत होती. सोमाने ते थोडा वेळ ऐकलं.

"हां," तो म्हणाला, "साऱ्यांचीच गेली असंल. यील आता."

जीप दाराशी आली तेव्हा भागीबाई त्याला पदराने वारा घालत होती. लंकाबाईने सोमाच्या नाकाशी बोट धरून पाहिलं, मग तिचा हात धरला, तरी हात थांबेना.