अप्पांचा दुसरा स्कॅन

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती. पुण्याला नेऊन जांघेतून तिच्यात एक नळी बसवली. नळी कापडाची असते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अप्पांनी विचारलं, "पन्हा किती?" सोलापुरात त्यांचं जन्मभर कापडाचं दुकान होतं. डॉक्टर हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, नळीच्या कडेनं रक्त झिरपू शकतं. फुगा पुन्हा वाढतो, दुखत मात्र नाही, म्हणून कळत नाही. तेव्हा महिन्यानं एक स्कॅन आणि मग दर वर्षी एक, जन्मभर.

महिन्याचा स्कॅन सोलापुरात झाला. स्कॅनच्या खोलीच्या दारातल्या बाईंनी अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यानं बांधलेलं. आम्हा लिंगायतांत लहानपणी ते मिळतं आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. ऑपरेशनच्या दिवशी ते काढलं तेव्हा अप्पा भुलीत होते. या वेळी जागे होते. त्यांनी डबी आईच्या ओंजळीत ठेवली आणि तिच्याकडे न बघता आत गेले. घरी येऊन आंघोळ करून पूजेला बसले, ते दुपार उलटून गेली तरी उठले नाहीत. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

वर्ष झालं तशी मी आठवण करून देऊ लागले.

"मला काय झालंय? लई बरा हाय की मी."

"अप्पा, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे."

"तुझ्यासाठी पंधरा मिनिटं."

"देव काय तेवढ्यात पळून जाणार आहे का?"

हे मी बोलले. कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. आमच्या धर्माची पुस्तकं मी त्यांच्यापेक्षा जास्त वाचली आहेत, असं मला तेव्हा वाटायचं. अप्पा चष्मा पुसत बसले. पुढच्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "जाऊन आलो बाई तुझ्या स्कॅनला. चांगलं हाय सगळं." मला बरं वाटलं. रिपोर्ट दाखवा, असं मी म्हटलं नाही. वाद मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर पुन्हा तपासायला जाणं मला बरं दिसेना.

चार महिन्यांनी, दुपारी जेवता जेवता त्यांची पाठ दुखू लागली. घाम आला. दवाखान्यात नेलं तेव्हा पोटात रक्त साचलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मागचा रिपोर्ट मागितला. आईनं पिशवीतून फाइल काढून दिली. फाइलमध्ये एकच पाकीट होतं, पहिल्या महिन्याचं. मी ते दोनदा उलटंपालटं केलं. पुण्याला न्यायची गाडी दारात येण्याआधी अप्पा गेले.

यंदा आईला मुतखड्याचा त्रास झाला आणि मी तिला त्याच ठिकाणी स्कॅनला घेऊन गेले. दारात त्याच बाई होत्या. आई दोऱ्याला हात लावून थांबली.

"लिंग आहे होय, अज्जी? मग मनगटाला बांधा की. हात डोक्यावरच धरायचेत, फोटोत येत न्हाईत."

"चालतंय?" आईनं विचारलं.

"न चालायला काय झालं? हितं कितीतरी लोक तसंच करतेत. फक्त सांगायचं आधी."

मी आईच्या मनगटाला डबी बांधली. ती आत गेली. मी बाकावर बसले. अप्पांशी मी वाद घातला होता. या बाईंना एक शब्द विचारला नव्हता. अप्पांनीही विचारला नव्हता. देवाचं असं परक्या माणसाला विचारायचं, याचा त्यांना संकोच वाटला असणार. माझ्या तर ते डोक्यातच आलं नाही.

जुळे सोलापुरातल्या घरी परतताना रिक्षात आई म्हणाली, "एवढंच होतं की गं."

मी तिच्या मनगटावरची डबी पदराखाली सारली.

"तुला म्हणत न्हाय मी. मी बी ओंजळ धरून उभीच होते."

घरी आल्यावर डबी परत गळ्यात घालायला तिनं हात पुढे केला. मी घाईत गाठ फार घट्ट मारली होती. मला ती सुटेना. आई हात तसाच धरून, घाई न करता, माझ्यासमोर बसून राहिली.