मामाजी खुराड्यात बसले तेव्हा

एकोडीत आनंदराव नावाची माणसं दोन आहेत. एक सोसायटीत बसतात, ते नुसते आनंदराव. दुसरे माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांना सगळं गाव ‘कारन सांगा’ आनंदराव म्हणतं. वरठीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मामाजी तीस वर्षं वेल्डर होते. निवृत्त होऊन गावी आले आणि आल्या दिवसापासून लोकांना कारणं विचारत सुटले. मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबलं की मामाजी त्याच्यापुढे उभे. “काहून थांबला गा? कारन सांग.” तो बिचारा मांजराला विसरून मामाजींनाच घाबरायला लागतो.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला. त्या दिवशी घरातले अंगारे, गंडे, मुहूर्त सगळे बाहेर गेले. “माया बापानं जे बाहेर फेकलं, थे मी मागच्या दारानं आत येऊ देनार नाही,” हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सात वेळा ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आजही आवडतं. पण रोज भाजीत मीठ किती आणि का, याचंही कारण द्यावं लागलं की डोकं फिरतं.

माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, कारण बिरण काही विचारत नाहीत. मी त्यांना आई म्हणते. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी केली, वाकून वाकून गुडघे गेले, तेव्हा त्यांनी कोंबड्या पाळल्या. गावठी, नऊ. घर मामाजींचं, शेत भावकीच्या वाटणीचं, मोटरसायकल माझ्या नवऱ्याची, म्हणजे धर्मेंद्रची. कोंबड्या मात्र आईंच्या. अंडी कोणाला द्यायची, कोणाला नाही, कोंबडा कधी कापायचा, यात घरातलं कोणी तोंड घालत नाही. नातीला वही घ्यायची असो की शेजारणीच्या बाळंतपणात काही न्यायचं असो, आईंना कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून त्या कोंबड्या.

यंदा मार्चात रानमांजर यायला लागलं. आमच्याकडे कोंबड्या बांबूच्या डाल्याखाली झाकायची पद्धत, वर एक दगड ठेवला की झालं. त्या मांजरानं दगडासकट डालं पाडलं आणि दोन कोंबड्या नेल्या. सकाळी घरामागच्या सांदवाडीत नुसती पिसं. आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मामाजींनी पिसांकडे पाहिलं, डाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मी बांधतो खुराडा. वाघ आला तरी उघडनार नाही असा.”

त्याच आठवड्यात साकोलीहून जनावरांच्या दवाखान्यातल्या रीता मॅडम गावात लसी द्यायला आल्या होत्या. आईंनी त्यांना घरी आणलं, चहा दिला. मॅडम भराभरा बोलल्या. जाळी बारीक घ्या, जमिनीपासून फूटभर वर ठेवा, खाली धानाचा कोंडा टाका, बसायला आडवा बांबू द्या. मामाजी मान डोलवत होते. मग मॅडम म्हणाल्या, “आणि खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा हं.” इतक्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत गाडीला किक मारून गेल्या.

झालं. मामाजींचा चेहरा असा झाला की जणू चहात कोणी रॉकेल टाकलं असावं. “पाह्यलं? शिकली-सवरली बाई, अन् वास्तू सांगून राहिली. कोंबडीले वास्तू.”

याला कारण होतं टिकाराम. टिकाराम आमचे शेजारी, लुगड्यांचा धंदा, माणूस मोठा गोड. गेल्या साली त्यांनी कोणा वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून चांगलं समोरचं दार बुजवलं आणि बाजूच्या भिंतीत नवीन फोडलं. तेव्हापासून त्यांच्याकडे जायचं तर न्हाणीघराला वळसा घालावा लागतो. मामाजींनी त्यांना वर्षभर सोडलं नाही. चौकात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत. “टिकाराम, दार कुठी हाय तुयं? कारन सांग.” आता याच मामाजींनी दिशा पाहून खुराडा ठेवला असता तर टिकारामनी काय केलं असतं, हे सांगायलाच नको.

म्हणून मामाजींनी मुद्दाम उलटा ठेवला. लांबी उत्तर-दक्षिण. लांब बाजूचा अख्खा पत्रा पश्चिमेला, जाळी पूर्वेला. वस्तू मात्र बनवली देखणी, खरं ते सांगते. अँगलची चौकट, वेल्डिंग असं की सांधा सापडू नये, आत माणूस वाकून शिरेल एवढा उंच. आणि दाराला कडी अशी, की दार लोटलं की आपोआप पडते. आई एवढंच म्हणाल्या, “लंबा पत्रा तिकडं नका ठेवू जी. संध्याकाळचं ऊन येते.” मामाजी म्हणाले, “तुले त्या बाईनं शिकोलं.”

एप्रिल लागला आणि कोंबड्यांनी खुराड्यावर बहिष्कार टाकला. दिवस मावळायला कोंबडी घरट्याकडे वळते, पण त्या दारापर्यंत यायच्या, आत मान घालायच्या आणि परत फिरायच्या. दुपारभर तापलेला पत्रा दिवेलागणीलाही हात लावू देत नव्हता. कोणी कडुलिंबावर बसलं, कोणी धर्मेंद्रच्या मोटरसायकलवर. धर्मेंद्र रोज सकाळी सीट पुसून ऑफिसला जायचा आणि जाताना मलाच बोलायचा, जशी काही मीच रात्रभर तिथे बसले होते. अंड्यांवर बसवलेली काबरी कोंबडी तेवढी आत होती, तिनंही चौथ्या दिवशी अंडी सोडली. आणि कडुलिंबावरची एक कोंबडी रानमांजरानं नेली.

उरल्या सहा. मामाजींनी निकाल दिला. “खुराड्यात खोट नाही. कोंबड्यायले सवय खराब लागली. बाजाराच्या दिवसापर्यंत आत बसल्या त ठीक, नाही त साकोलीले नेऊन इकून टाकतो. मांजरापेक्षा मानसानं खाल्लेल्या बऱ्या.”

बाजाराला चार दिवस होते. मला असा राग आला की मी भाकरीचं पीठ परातीत आपटलं. आई उठल्या. मागे गेल्या आणि कोंबड्यांना तांदळाची कणी टाकत बसल्या. मी पाणी द्यायला गेले तर पदरानं डोळे पुसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “धुरानं डोळ्यात पानी आलं माये.” चूल केव्हाची विझली होती. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आई मामाजींना म्हणाल्या, “अजी, आतला बांबू हालते. म्हनून बसत नसतीन कोंबड्या.”

आपल्या कामात काही हलतं म्हटल्यावर मामाजी थांबतात काय? पान्हा घेतला आणि वाकून आत शिरले. आईंनी दार लोटलं. अगदी सहज, कोंबडी हाकलावी तसं. खट्‌ करून कडी पडली. मग त्यांनी कडुलिंबाच्या सावलीत बाज ओढली, सूप मांडीवर घेतलं आणि तांदूळ निसायला लागल्या. मी ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होते, तिथेच थिजले.

आतून बांबू ठोकल्याचे दोन-चार आवाज आले. मग मामाजींचा. “वच्छला, कडी पडली वाटते.”

“हौ.”

“उघड.”

“उघडतो. हे एवढे निसून होऊ द्या.”

मग पुन्हा आतून, “लय गरम होते वो आत.”

आईंनी एक खडा वेचला, बाजूला टाकला. “काहून? कारन सांगा.”

माझ्या हातातली मिरची खाली पडली. पस्तीस वर्षांत या बाईनं हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं असेल.

“पत्रा तापला,” आतून आवाज आला.

“काहून तापला?”

“ऊन हाय मनून.”

“कोन्या बाजूनं हाय?”

आत पान्हा खाली पडल्याचा आवाज आला. मी उठायला लागले तर आईंनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं. शेवटी आतून आलं, “पच्छिमेकून.”

“अन् तुमी लंबा पत्रा कोन्या बाजूले ठेवला?” आईंनी सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. “त्या बाईनं दिशा सांगतली, थे वास्तू नव्हती जी, ऊन होतं. जन्मभर बांधीत वाकलो मी. ऊन कोन्या टायमाले कुठून पाठीवर येते, थे मले कोनाले इचारा नाही लागत. तुमीच सांगता ना सगळ्यायले, आयकलं मनून मानू नोका, सोता पाहा अन् मंग माना? मंग पाहा आता.”

मामाजी पाहत बसले. घड्याळात बघितलं नाही, पण पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मग आई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू गेल्या आणि कडी वर केली. मामाजी बाहेर आले. बनियन अंगाला चिकटलेलं, चष्म्यावर वाफ. माठातलं पाणी लोटाभर प्यायले, अजून लोटाभर प्यायले आणि मला म्हणाले, “तृप्ती, खुराडा फिरवाले मानसं बलाव. टिकाराम सोडून.”

एप्रिलच्या उन्हात दुपारी चारला एकोडीत घरी सापडणारा माणूस टिकारामच. मी त्यांना आणि त्यांच्याकडे आलेल्या दोन पाहुण्यांना बोलावून आणलं. चौघांनी मिळून खुराडा उचलला आणि लांबी पूर्व-पश्चिम केली. जाळी उत्तरेला आली, आईंनी वर तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर टाकायला लावला. टिकाराम हात झटकत, मिशीत हसत म्हणाले, “मंग आनंदराव, पाह्यली म्हना दिशा.”

मामाजींनी चष्मा पुसला. “तुया दाराचं कारन तुले सांगता येत नाही. माया खुराड्याचं मले येते.”

“सांगा बरं.”

“सांगून समजत नाही थे. आत बसून पाह्य.”

टिकाराम बसले नाहीत. पण गावभर सांगितलं मात्र, की आनंदराव दिशा पाहायला लागले.

त्या दिवशी सूर्य कलता कलता पहिली कोंबडी आत गेली, तिच्यामागे दुसरी. काबरी सर्वांत शेवटी, दारात उभी राहून मामाजींकडे एकदा पाहून. सहाच्या सहा आत. बाजाराच्या दिवशी मामाजी साकोलीला गेले ते रिकाम्या हातांनी, आणि येताना कोंबड्यांसाठी पाणी प्यायचं मातीचं भांडं घेऊन आले.

आठवड्यानं खुराडा झाडायला मीच आत शिरले, आईंचे गुडघे दुखत होते म्हणून. वाऱ्यानं दार लोटलं, खट्‌ झालं. ओरडणार तेवढ्यात चौकटीला एक तार दिसली. ओढली तर कडी वर, दार उघडं.

मी तशीच कोंड्यानं माखलेली आईंकडे गेले. त्या काबरीखाली नवी अंडी ठेवायला घमेल्यात तनस पसरत होत्या. “आई, कडी आतून उघडते.”

“हौ. मीच त सांगतलं होतं तार लावाले. खुराडा झाडाले मी जातो ना आत.”

“मग मामाजींना ठाऊक होतं?”

“त्यायनंच लावली थे तार.”

मी भैताडासारखी उभी. एवढ्या उन्हात, तापलेल्या पत्र्यात, तार हाताशी असताना. “मग ते बसून काहून राहिले?”

आईंनी एकेक अंडं कानाशी नेऊन हलवून पाहिलं, घमेल्यात ठेवलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते त्यांनी माझ्यासाठी ठेवलेलं नव्हतं.

“मी पाहा म्हनलं, त पाह्यलं त्यायनं,” त्या म्हणाल्या. “तू कायले कारन इचारून राहिली?”