मोतिया रंगाचे दहा गुंडे

"नाना, यांची लेबलं कुठं गेली?"

ज्योत्स्नाने दोऱ्याचा गुंडा हातात फिरवत विचारलं. मी काउंटरच्या या बाजूला, ती त्या बाजूला. दुपारचे साडेबारा वाजले होते.

"अगं, खोक्यातून काढताना निघून गेली," मी म्हणालो. "एवढीशी कागदाची पट्टी ती. तुला दोरा विणायचाय की लेबल?"

ती हसली. गुंडे पिशवीत भरले आणि पारोळ्याची बस पकडायला गेली. लेबलं मीच काढली होती. सकाळी, बसून, एकेक करून. आज हे लिहिताना लाज वाटते आणि वाटायलाच पाहिजे.

माझं धुळ्यात लोकर आणि दोऱ्याचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. लोक 'लोकर' म्हणतात, पण इथे मेंढीची लोकर कोणी घेत नाही, बहुतेक माल ॲक्रेलिक. आपल्याकडच्या उन्हात खरी लोकर घालून कोण फिरणार? क्रोशाच्या बायका कॉटनचा दोरा मागतात, कारण तोरण, टेबलावरचे रुमाल, पलंगपोस हे सगळं कॉटनमध्येच शोभतं. गंमत बघा, आमच्या चहुबाजूंना कापूस आणि क्रोशाचा दोरा मात्र परराज्यातून खोक्यात भरून येतो.

आता लेबलाची भानगड सांगतो. प्रत्येक गुंड्यावर एक शेड नंबर असतो आणि एक लॉट नंबर. शेड म्हणजे रंग. लॉट म्हणजे तो दोरा रंगाच्या कुठल्या घाण्यात बुडवला ते. घरात दोनदा केलेल्या वरणाचा रंग तरी कुठे एकसारखा येतो? तसंच हे. शेड एकच, पण लॉट वेगळा असला की किंचित फरक पडतो. ट्यूबलाइटखाली दिसत नाही, उन्हात दिसतो. गडद रंगात एक वेळ खपून जातं, पण मोतिया रंगात, म्हणजे सायीसारखा जो पांढरा असतो त्यात, अजिबात लपत नाही. म्हणून एका कामाला लागणारा सगळा दोरा एकाच लॉटचा घ्यायचा. हे ज्योत्स्नाला मीच शिकवलं होतं.

ज्योत्स्ना पारोळ्याची सून. तिशीतली. हात असा सफाईदार की मी तिच्या कामांचे मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायचो. तोरणं, रुमाल असली किरकोळ कामं ती करायची. मग एकदा तिला फैजपूरहून मोठं काम मिळालं. केळीच्या बागा असलेलं घर, मुलीचं लग्न. रुखवतात ठेवायला डबल बेडचा अख्खा पलंगपोस हवा होता. त्या घरात पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन मुलींची लग्नं व्हायची होती. मुलीची आई तिला म्हणाली होती, "हा चांगला झाला तर पुढचे तिन्ही तूच करायचे."

ज्योत्स्ना हे सांगायला आली तेव्हा उड्या मारायचीच बाकी होती.

"नाना, आमचे आबा काय म्हणाले माहितीये?" आबा म्हणजे तिचे सासरे. अस्सल अहिराणी माणूस. त्यांची नक्कल करत ती म्हणाली, "पोरी, हाई काम नीट व्हयनं तं पुढली खोली तुनी!"

घराला रस्त्याकडे उघडणारी एक खोली होती. ती मोबाइल रिपेअरिंगवाल्याला भाड्याने द्यायचं आबांच्या मनात होतं. ज्योत्स्नाला तिथे क्रोशाचा क्लास घालायचा होता. चार वर्षं मागत होती. आता आबांनी शब्द दिला होता. सगळं त्या एका पलंगपोसावर येऊन थांबलं होतं आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, माल राखून ठेवायची. क्रोशाच्या बाईला नेमका किती दोरा लागेल ते आधी सांगता येत नाही. वीण घट्ट की सैल, त्यावर ठरतं. म्हणून ती थोडे गुंडे घरी नेते, बाकीचे दुकानात तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवायचे. लागले तर नेते, नाही लागले तर आपण विकून टाकायचे. सगळा व्यवहार तोंडी. ज्योत्स्नाने चोवीस गुंडे नेले आणि दहा राखून ठेवायला सांगितले.

"नाना, लॉट हाच हं."

"अगं हो बाई! मला शिकवतेस?"

पिशवीत भरून, चिठ्ठी लावून, मी ते वरच्या फळीवर ठेवले.

तीन आठवड्यांनी देवपूरच्या एक मॅडम आल्या. जुनं गिऱ्हाईक, बोलायला तिखट. त्यांना मोतिया रंगाचे दहाच गुंडे हवे होते, आणि तेही आत्ताच्या आत्ता, संध्याकाळी पुण्याला निघायचं होतं. मी म्हटलं संपलाय. त्यांनी वर बोट दाखवलं. "तो काय दिसतोय?"

"तो राखीव आहे, मॅडम."

"म्हणजे आम्ही रिकाम्या हाताने जायचं? बरं. पुढच्या वेळी बघू."

हे 'पुढच्या वेळी बघू' मला झोंबलं. मालाचा एजंट गुरुवारी येणारच होता, तोच शेड आणणार होता. त्यातून ज्योत्स्नाला देऊ, असा हिशेब मी मनात केला आणि पिशवी खाली काढली. चिठ्ठी सोडवून खिशात टाकली. इतक्या वर्षांत राखलेला माल मी पहिल्यांदाच दिला, आणि दिला तो नेमका हा.

दोनच दिवसांनी ज्योत्स्ना दारात. "नाना, द्या माझे दहा. शेवटचा भाग राहिलाय, तीन हप्ते आहेत लग्नाला."

तेव्हा खरं सांगायचं होतं. 'पोरी, चुकलं माझं, विकले गेले.' चार शब्द! मी काय म्हणालो?

"गोडाउनला आहेत गं. उद्या येतील."

गोडाउन! माझं गोडाउन म्हणजे जिन्याखालची जागा. पण दुकानदाराच्या जिभेला ही सवय लागलेली असते. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून 'उद्या येईल' आपोआप तोंडातून निघतं. ती परत गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली, पस्तीस किलोमीटर बसने. मी पुन्हा म्हणालो, "गुरुवारी नक्की."

"नाना, तुम्हाला त्रास होत असेल तर मी जळगावला बघू का? नाहीतर ऑनलाइन मागवते. लॉट नंबर आहे माझ्याकडे लिहिलेला."

"जळगावला कसलं मिळतंय! तिथं सगळा बठ्ठा जुना माल पडून आहे. आणि ऑनलाइनचं तर नावच काढू नको. फोटोत एक दाखवतात, घरी दुसरंच येतं."

आता जे सांगतो ते मी घरीसुद्धा बरेच दिवस सांगितलं नव्हतं. त्याच सकाळी मी जळगावच्या सुभाषभाऊंना फोन केला होता. त्यांचंही दोऱ्याचं दुकान. आमचा एजंट एक, बऱ्याचदा आमच्या दोघांची खोकी एकाच लॉटची निघतात. मी लॉट नंबर सांगितला. भाऊ म्हणाले, "आहेत ना, बारा-पंधरा गुंडे पडलेत. बसने पाठवून देऊ का?"

आणि मी म्हणालो, "नको नको, सहज विचारलं."

का? तर पारोळा हे धुळे आणि जळगावच्या मधलं गाव. तिथलं गिऱ्हाईक कधी इकडे येतं, कधी तिकडे जातं. त्यावरून आम्हा दोघांची जुनी चढाओढ. सुभाषभाऊंकडून उसना माल आणायचा म्हणजे माझ्याकडे तुटवडा आहे हे कबूल करायचं. ते मला नको होतं. बास, एवढंच. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही. एवढ्याशा ताठ्यापायी मी ते केलं.

गुरुवारी एजंट आला. शेड तोच होता, लॉट वेगळा. मी एक गुंडा घेऊन दुकानाच्या पायरीवर गेलो आणि ज्योत्स्नाच्या आधीच्या मालातला एक तुकडा नमुन्याच्या वहीत चिकटवलेला होता, त्याच्याशेजारी उन्हात धरला. जुना किंचित पिवळसर, नवा किंचित राखाडी. शिकाऊ माणसाला फरक कळला नसता. मला कळला. ज्योत्स्नालाही लेबल बघताच कळला असता. म्हणून ती यायच्या आत मी लेबलं काढली.

आणि वर आणखी एक. लॉट बदलला तर त्यावर उपाय असतो. एक ओळ जुन्या दोऱ्याची, एक नव्या दोऱ्याची, अशी वीण घातली की दोन्ही रंग मिसळतात आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. शेवटचा भाग थोडा उसवून तिला तसं करता आलं असतं. पण हा उपाय सांगायचा म्हणजे लॉट वेगळा आहे हे आधी सांगावं लागणार. मी तोंड मिटून बसलो. मनात म्हटलं, जाऊ दे, रुखवतात कोण एवढं बारकाईने बघतंय.

बघणारे बघतात हो. रुखवत असतंच बघायला.

लग्नानंतर आठ दिवसांनी ज्योत्स्नाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"नाना, पलंगपोस नेऊन दिला मी. घरात रात्रीचा विणत होते, तेव्हा काही दिसलं नाही. तिथे मंडपात दिवसाउजेडी पसरला तर पायाकडचा सगळा भाग वेगळा दिसायला लागला. सरळ पट्टा. एक बाई म्हणाली, दोन जुन्या चादरी जोडल्यात का? मुलीच्या आईने तो भाग दुमडून गादीखाली घातला."

मी समोरची नमुन्याची वही मिटली.

"नाना, लॉट वेगळा होता का?"

"हो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

महिनाभर मी वाट पाहिली की ती दुकानात येईल, भांडेल, चार गोष्टी सुनावेल. नाही आली. शेवटी मीच एका रविवारी पारोळ्याला गेलो. घर शोधावं लागलं नाही. पुढच्या खोलीवर मोबाइल रिपेअरिंगचा नवा कोरा बोर्ड होता. आत एक माणूस फोन उघडून बसला होता. फैजपूरवाल्यांनी पुढची कामं दुसरीकडे दिली हे मला आबांकडून कळलं. आबा चांगले बोलले. "नाना, बठा, चहा ल्या," म्हणाले. त्यांना वाटत होतं सुनेचीच काहीतरी चूक झाली. तिने त्यांना माझं नाव सांगितलेलंच नव्हतं!

मी तिथेच सांगून टाकलं. राखलेला माल, सुभाषभाऊंचा फोन, लेबलं, सगळं. आबा म्हणाले, "आते काय उपेग शे, नाना? खोली तं दी टाकी."

ज्योत्स्ना चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "पोरी, माझ्या दुकानात जागा आहे. रविवारी तिथे क्लास घाल. मी बायका गोळा करतो."

"नको नाना. आता मी साड्यांना फॉल-पिको करते. ते बरं आहे, त्यात दोरा कुठला याची काळजी नसते."

मग कप माझ्या हातात देत म्हणाली, "तुम्ही सरळ 'माल नाही' म्हणाला असतात ना, तर मी तशीच जळगावची बस धरली असती. स्टँडवर उभीच होती ती. मला तुमचा राग माल विकल्याचा नाही. मी पाच वर्षं तुमच्याकडून शिकले, आणि तुम्हाला वाटलं मी एकदा दुसऱ्या दुकानात गेले तर परत येणार नाही."

चहा कसाबसा संपवला आणि निघालो.

तेव्हापासून दुकानात एक कागद लावलाय. माझ्याकडे काय मिळतं, जळगावला काय मिळतं, काय ऑनलाइनच मागवावं लागतं, सगळं त्यात लिहिलंय. जाड टी-शर्ट यार्न, म्हणजे बनियनच्या कापडाच्या पट्ट्यांचा दोरा, आणि मखमली दोरा मी ठेवत नाही, तो ऑनलाइन मागवा. आधी एकच गुंडा मागवून उन्हात बघा. पसंत पडला तर लागेल त्यापेक्षा दोन जास्त, सगळे एकाच ऑर्डरमध्ये, आणि विकणाऱ्याला मेसेज करून विचारा की लॉट एक आहे का. नुसते गुंडे मोजू नका, ग्रॅम आणि मीटर वाचा, कारण फोटोत सगळे गुंडे गुटगुटीतच दिसतात. खाली सुभाषभाऊंच्या दुकानाचा पत्ता आहे. तो बघून भाऊंनी मला फोन करून विचारलं, "नाना, तब्येत बरी आहे ना?"

धंदा बुडाला नाही. जळगावला गेलेल्या बायका महिन्याभरात परत येतात. मी तीस वर्षं उगाच घाबरत होतो.

परवा शिरपूरकडची एक मुलगी आली. मोतिया रंग, अमुक लॉट. "नाही माझ्याकडे," मी म्हणालो, "जळगावला आहेत, मी फोन करून ठेवतो, तू आजच जा." ती गेली. संध्याकाळी तिचा मेसेज आला, मिळाले म्हणून. सगळं बोलायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तेवढाच वेळ ज्योत्स्नासाठी माझ्याकडे नव्हता.